पूर्वानुभवाचा रकाना

बँकेने दिलेल्या छापील अर्जात ‘व्यवसायाचा पूर्वानुभव’ या शीर्षकाखाली जेमतेम दीड ओळीची जागा होती, आणि तिच्यासमोर मी बराच वेळ पेन धरून बसले होते. अर्ज लाकडी घाण्यासाठी होता. वय अडतीस, आणि मागे जे काही केले होते त्यातले एकही काम तेलाशी संबंधित नव्हते.

कोल्हापुरात रसायनशास्त्र घेऊन २००४ साली बी.एस्सी. झाले आणि कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे नमुने तपासले. लग्न होऊन गडहिंग्लज तालुक्यात आले, तेव्हा तिथून रोज कागल गाठणे शक्य नव्हते, म्हणून बी.एड. केले आणि जवळच्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागले. अशा शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणत; त्यातला ‘कायम’ हा शब्द शासनाने २००९ मध्ये काढला, तेव्हा आम्ही शिक्षकांनी पेढे वाटले होते. आज ना उद्या अनुदान येईल, या आशेवर मी तिथे आठ वर्षे काढली. पगार म्हणून जे मिळे ते दिवाळीपूर्वी एकदा आणि वर्ष संपताना एकदा, तेही संस्थेच्या सवडीने. ‘कुठलाच अनुभव वाया जात नाही’ असे पुष्कळ लोक सांगतात. मला ते पटत नाही. मुलांना शिकवण्यात आनंद होता, परंतु त्या आठपैकी निदान पाच वर्षे वाया गेली, असे मी स्पष्टच म्हणते.

उपयोगी पडले ते त्यानंतरचे काम, जे मी केवळ नाइलाजाने धरले होते. २०१६ पासून राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून बचत गटांची दप्तरे लिहू लागले. शेळीपालन, पापड, मसाले, शिवणकाम अशा बायकांच्या उद्योगांचे जमाखर्च पाच वर्षे माझ्या हाताखालून गेले. माल चांगला असूनही उधारी थकल्यामुळे बंद पडलेले उद्योग मी इतके पाहिले की, स्वतःचा घाणा काढताना पहिला नियम ठरवला तो उधारीचा: दुकानदाराला एका वेळी एकच खेप उधार, पहिलीचे पैसे आल्याखेरीज दुसरी नाही. या नियमापायी सुरुवातीलाच तीन दुकाने हातची गेली, तरी तो मी मोडला नाही.

घाण्याची कल्पना टाळेबंदीत सुचली. आमच्या भागात भुईमूग मुबलक, पण घरच्या शेंगांचे तेल काढून आणायचे तर लांब जावे लागे, आणि शेजारीपाजारी सगळ्यांची हीच तक्रार होती. चौकशी केल्यावर जिल्हा उद्योग केंद्रामार्फत पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून अर्ज करता येतो, असे कळले. दोन घाणे, दाणे निवडण्याची चाळणी, स्टीलची पातेली, शेड आणि पहिल्या हंगामाचे खेळते भांडवल मिळून माझा प्रकल्प ९ लाख ६० हजारांचा झाला. ग्रामीण भागातील महिला म्हणून स्वतःचा हिस्सा पाच टक्के, म्हणजे ४८ हजार, आणि अनुदान पस्तीस टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण गावात मला अजूनही लोक ‘तुम्हाला साडेतीन लाख मिळाले’ असे म्हणतात. हे अनुदान हातात येत नाही. बँक अर्जदाराच्या हिश्शाखेरीजची सगळी रक्कम कर्ज म्हणून देते. अनुदान आले की ते कर्जदाराच्या नावे तीन वर्षे मुदत ठेवीत बाजूला राहते, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षे उद्योग चालू राहिल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच घाणा बंद पडला असता, तर सगळे कर्ज माझ्याच डोक्यावर राहिले असते.

अर्ज मी २०२१च्या डिसेंबरात भरला. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, यंत्रांची कोटेशने, प्रकल्प अहवाल ही कागदपत्रे महिन्याभरात जमली. अडले ते जागेवर. शेड सासऱ्यांच्या नावावरच्या जागेत बांधायचे होते, त्यामुळे त्यांचे संमतीपत्र आणि माझ्या नावे भाडेकरार हवा होता. सासरे म्हणाले, “सुनेकडनं भाडं घेऊ व्हय मी?” बँकेला कागद लागतो, हे त्यांना पटवून द्यायला दोन दिवस लागले. बँकेतले साहेब माझ्याशी सभ्यपणे बोलले, तरी प्रत्येक प्रश्न माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या पतीकडे पाहून विचारत. दुसऱ्या भेटीला मी मुद्दाम एकटीच गेले आणि सोबत एका किलो तेलाचा हिशेब लिहून नेला.

तो हिशेब असा होता. एका घाण्यात पंधरा किलो दाणे पडतात आणि पाऊण तासात सुमारे सहा किलो तेल निघते. नऊ किलोंच्या आसपास पेंड उरते. दाणे ११० रुपये किलोने धरले, तर १,६५० रुपये; पेंडीचे ४० रुपयांनी ३६० वजा केले की १,२९० उरतात, म्हणजे तेल २१५ रुपये किलो पडते. लिटरभर शेंगतेलाचे वजन ९१० ग्रॅमच भरते, त्यामुळे लिटरमागे कच्चा माल सुमारे १९६ रुपयांचा. त्यावर बाटली, लेबल, वीज, मजुरी आणि हप्ता. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला विचारले, “पेंड कोण घेणार?” दूध घालणारी सोळा घरे मी आधीच विचारून ठेवली होती.

मंजुरीनंतर दहा दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण झाले, उद्यम नोंदणी विनाशुल्क झाली, अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत झाली. (उलाढाल बारा लाखांवर गेल्यावर मात्र परवाना घ्यावा लागला.) २०२२च्या ऑगस्टमध्ये घाण्याची लाट, म्हणजे दाणे चिरडणारा लाकडी दांडा, पहिल्यांदा फिरली.

पहिल्याच खरेदीत मी फसले. पावसाळ्यात दोन रुपये स्वस्त मिळाले म्हणून चार क्विंटल दाणे घेतले. ते दमट निघाले. तेलाचा उतारा कमी आला आणि साका (गाळ) बसायला ठेवलेल्या तेलाला चौथ्या दिवशी खवट वास येऊ लागला. आम्लता तपासून पाहिली आणि ते सगळे तेल एका साबण करणाऱ्याला पडेल भावाने दिले. कागलची दोन वर्षे त्या दिवशी कामी आली, असे म्हणता येईल. पण माल घेण्याआधी दाणा दाताखाली फोडून पाहायला पदवी लागत नाही, हे गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते.

गिऱ्हाइकांचे प्रश्न वेगळेच होते. तळणीत तेल फेसाळते, तर त्यात भेसळ असणार, असे दोघींनी तोंडावर सांगितले. रिफाइंड तेलातून जे चिकट घटक काढून टाकलेले असतात, ते घाण्याच्या तेलात राहतात आणि म्हणून फेस येतो, हे समजावताना माझा जुना वर्गातला आवाज आपोआप लागत असे. पुष्कळ जण किटली घेऊन येत. खाद्यतेल सुटे विकता येत नाही, हे सांगितले की नाराज होऊन परत जात. त्यांच्यासाठीच मी मजुरीवर घाणा सुरू केला: दाणे तुमचे, तेल तुमचे, किलोमागे मजुरी माझी. पहिले वर्ष बाटल्यांनी नव्हे, या मजुरीनेच तारले.

तीन वर्षांनंतर पडताळणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी घाणे पाहिले, वह्या पाहिल्या आणि सहज विचारले, “याआधी तेलाचंच काही करत होता का?” मी नाही म्हटले. बँकेच्या त्या रकान्यात मी शेवटी ‘बचत गटांचे हिशेब लेखन, ५ वर्षे’ एवढेच लिहिले होते. शाळेचा उल्लेख केला नव्हता.

अनुदान आता कर्जात वळते झाले आहे आणि हप्त्यांची थोडीच रक्कम राहिली आहे. येत्या हंगामात करडईचे तेल काढून पाहायचे आहे. करडईचा उतारा भुईमुगापेक्षा बराच कमी, त्यामुळे तेल महाग पडणार, आणि ते कोण घेईल याची विचारणा मी आत्ताच दारोदार सुरू केली आहे. आतापर्यंत अकरा घरे झाली आहेत.