हातकणंगल्याचं गणित कुणी बिघडवलं?

२०२४ च्या लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी, ४ जूनला, मी डेस्कला होतो. कोल्हापुरातल्या एका दैनिकात आकड्यांचं काम माझ्याकडं, म्हणजे मोजणीच्या ठिकाणाहून वार्ताहराचा फोन आला की फेरीचे आकडे तक्त्यात भरायचे, बेरीज जुळते का बघायचं आणि पान लावणाऱ्याच्या डोक्यावर बसायचं. कोल्हापूरची मोजणी रमणमळ्यात, हातकणंगलेची राजाराम तलावाजवळच्या गोदामात. कोल्हापूरचं काही टेन्शनच नव्हतं, सरळ लढत होती, शाहू महाराज पुढं निघाले ते निघालेच, शेवटी १,५४,९६४ चं लीड. खाली रस्त्यावर हलगी आणि गुलाल सुरू, खिडक्या लावून घेतल्या तरी फोनवरचं ऐकू येईना.

पण हातकणंगल्यानं जीव खाल्ला. कधी ठाकरेंच्या सेनेच्या सरूडकरांची मशाल पुढं, कधी एकनाथ शिंदेंच्या सेनेच्या मान्यांचा धनुष्यबाण, एकदा भरलेला तक्ता पुढच्या फोनला शिळा. इचलकरंजीनं मान्यांना हात दिला म्हणून ते तरले असं सगळे म्हणायला लागले तोवर अंतिम आकडा आला. धैर्यशील माने ५,२०,१९०, सत्यजित पाटील सरूडकर ५,०६,७६४, ऊसदराच्या आंदोलनातले शेतकरी नेते राजू शेट्टी १,७९,८५०. फरक १३,४२६.

आमचे वृत्तसंपादक, त्यांना सगळे दादाच म्हणतात, आकडा बघितल्या बघितल्या म्हणाले, "चौकट कर. शेट्टींनी सरूडकरांना पाडलं. १३ हजाराचा फरक आणि शेट्टींची पावणेदोन लाख, अजून काय पाहिजे?" डेडलाईनच्या दिवशी दादांशी कुणी वाद घालत नाही, मी पण घातला नसता, पण शेजारी इचलकरंजीची एक ट्रेनी पोरगी बसलेली, ती म्हणाली, "सर, वंचित बहुजन आघाडीची पण ३२,६९६ हायत की, तीबी फरकापेक्षा जास्तच. मग दोघांनी पाडलं लिहायचं का?"

दादा तिच्याकडं बघतच राहिले. मी मात्र २०१९ चा तक्ता काढला. त्या साली हाच मतदारसंघ, मान्यांनी शेट्टींना ९६,०३९ मतांनी हरवलेलं आणि वंचितला १,२३,४१९ मतं. तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात एकच वाक्य, वंचितनं शेट्टींना पाडलं. म्हणजे तेव्हा पाडले गेलेले शेट्टी आता पाडणारे झाले, आणि वाक्य तेच, फक्त नाव बदललं.

मग कागद घेऊन बसलो. आपण नेहमी काय करतो, तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त दिसली की विषय संपवतो. पण तिसरा उभाच नसता तर त्याची सगळीच्या सगळी मतं हरलेल्यालाच पडली असती हे कुणी ठरवलं? काही जिंकलेल्याकडं पण गेली असती ना. तर २०२४ ला शेट्टींची सगळी मतं या दोघांतच वाटली गेली असती असं धरलं, तर सरूडकरांना निवडून यायला त्यातली शंभरातली साधारण ५४ लागली असती. होण्यासारखं आहे. त्यातली निम्मी माणसं मतदानालाच गेली नसती असं धरलं तर उरलेल्यांतली ५७-५८. तरी होण्यासारखं. आणि २०१९ ला? वंचितच्या शंभरातली ८९ शेट्टींना यायला पाहिजे होती. हे अवघड, म्हणजे जवळपास नाहीच. पाच वर्षं आपण जे वाक्य बिनधास्त बोललो त्याला एवढाच आधार.

दादांना दाखवलं. ते म्हणाले, "गणित झालं, माणसं कुठायत?" बरोबर होतं त्यांचं. चहाला खाली गेलो तर पार्सल विभागातला एकजण शिरोळकडचा, ऊस उत्पादकाच्या घरचा, घरात शेट्टींचा फोटो असणारा. त्याला विचारलं, शेट्टी उभे नसते तर कुणाला दिलं असतंस? तो म्हणाला, "आवो मी मान्यांना दिलं असतं, मोदींकडं बघून. भावानं मशालीला. आणि आमचा म्हातारा घरातनं भायेरच पडला नसता, ऊसदराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस त्यो, त्याला साहेब सोडून दुसरं कोण दिसतंच न्हाई." एका घरातली तीन मतं तीन वाटांना. एका घरावरनं मतदारसंघ सांगता येत नाही हे मला पण कळतं, पण 'मतं खाल्ली' म्हणताना आपण अशा घरांचा विचारच करत नाही, जणू मतं म्हणजे कुणाच्या तरी ताटात आधीच वाढून ठेवलेली भाकरी आणि तिसऱ्यानं येऊन ती पळवली.

आणि शेट्टींची मतं एका रंगाची कशी असतील? २००९ ला हा माणूस स्वबळावर निवडून आला, २०१४ ला भाजप-सेनेबरोबर राहून, २०१७ ला त्यांची साथ सोडली, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, २०२२ ला महाविकास आघाडीलाही रामराम. प्रत्येक वळणावर वेगळी माणसं आली, वेगळी गेली. २०२४ ला ठाकरेंची सेना म्हणे मशालीवर लढा, शेट्टींना पाठिंबा पाहिजे होता, चिन्ह नको होतं, मग एप्रिल उजाडल्यावर सरूडकरांचं नाव आलं आणि ७ मेला मतदान. माणूस शाहूवाडीचा, तिथं २०१४ ला विधानसभा फक्त ३८८ मतांनी जिंकलेला, त्यामुळं काठावरची लढत म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको. पण इचलकरंजी, शिरोळ, वर आणखी सांगलीतली इस्लामपूर आणि शिराळा, एवढ्या मुलखात एका महिन्यात किती फिरणार? माझं मत विचाराल तर सरूडकर मतदानाच्या दिवशी नाही, त्या मार्च-एप्रिलच्या घोळात हरले. हे अर्थात चौकटीत छापता येत नाही.

तेवढ्यात साताऱ्याचं आलं. उदयनराजे ३२,७७१ नं निवडून, आणि कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं अशा एका अपक्षाला ३७,०६२ मतं, कारण त्याचं चिन्ह तुतारी आणि हरलेल्या शशिकांत शिंदेंचं तुतारी वाजवणारा माणूस. माझ्या हिशोबानं शिंदेंना त्यातली शंभरातली ९४ लागत होती. कागदावर २०१९ च्या वंचितपेक्षा पण अवघड, पण मला हे जास्त पटतं, कारण वंचितला मत देणारा विचार करून वंचितलाच देत होता आणि इथं बटण दाबणारे बरेचसे लोक ते शिंदेंचंच चिन्ह समजून चुकून दाबत असणार. नुसता आकडा बघून चालत नाही, तिसरा कोण आहे ते बघावं लागतं.

रात्री मुंबई उत्तर पश्चिमचं वेगळंच. वायकर ४८ मतांनी जिंकले. अठ्ठेचाळीस! आमच्या गल्लीत तालमीच्या कट्ट्यावर यापेक्षा जास्त माणसं असतात. तिथं नोटाला १५,१६१, वंचितला १०,०५२, टपाली मतांची पडताळणी वेगळीच. अशा ठिकाणी कुणामुळं हरले याला अर्थच उरत नाही, ज्याचं नाव घ्याल तो बरोबर. एखाद्या सोसायटीची लिफ्ट बंद होती म्हणून हरले म्हणालात तरी कोण खोटं पाडणार?

शेवटी दादांनी शीर्षक बदललं नाही, पण चौकटीत २०१९ आणि २०२४ चे आकडे शेजारी शेजारी लावू दिले आणि शंभरातली किती लागली असती ती ओळ पण ठेवली. शेट्टींचं डिपॉझिट गेलं ते एका वेगळ्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. सरूडकरांचे म्हणाले तुम्ही शेट्टींना वाचवलं, शेट्टींचे म्हणाले तुम्ही आम्हाला पाडणारे केलं, आणि मान्यांच्या एका कार्यकर्त्यानं विचारलं, आमच्या साहेबांना सव्वापाच लाख लोकांनी मतं दिली ती कुणाच्या चौकटीत आहेत? याला काही उत्तर नव्हतं, त्याचं बरोबरच होतं.

नोव्हेंबरात विधानसभा आली तेव्हा त्या पोरीनं तक्त्यात तो हिशोब आधीच बसवून ठेवलेला. कागलला २०१९ मध्ये समरजित घाटगे बंडखोर म्हणून ८८,३०३ वर थांबले, सेनेच्या संजय घाटगेंना ५५,६५७, मुश्रीफ २८,१३३ नं जिंकले, आणि मग पाच वर्षं एकच पालुपद, दोन घाटगे नसते तर. २०२४ ला एकच घाटगे उरले, सरळ लढत झाली, दुसरे घाटगे चक्क मुश्रीफांच्या बाजूला उभे राहिले आणि मुश्रीफ ११,५८१ नं परत निवडून आले. त्याच दिवशी करवीरला महायुतीचे नरके फक्त १,९७६ नं जिंकले. तिथं जनसुराज्यचा उमेदवार पण रिंगणात होता, म्हणजे महायुतीच्याच मित्रपक्षाचा, मतं खाल्लीच असतील तर ती जिंकलेल्याची. त्याची चौकट मात्र दादांनी मागितली नाही, आणि वाचकांनीही नाही.