वजनाची बेरीज जुळली, सौदा जुळेना

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या या भुसार पेढीचं सोयाबीन पुण्यात उतरतच नाही. उदगीर-लातूरकडून गाड्या थेट तेल कारखान्यावर जातात. गुलटेकडीला फक्त सौदे, काटा पावत्या आणि बिलं. कारखान्याच्या वजनकाट्याची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) सॉफ्टवेअरमध्ये चढवली की प्रत्येक गाडी पार्टी, माल आणि तारीख बघून आपोआप सौद्याला लागते. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी उदगीरच्या आडत्याचा फोन आला : "शेठ, पाचशे टनाचा सौदा कधीच पुरा केला आम्ही. अन् तुमचा माणूस सव्वातीनशे टन बाकी म्हणतोय!"

मला बोलावलं तेव्हा स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं. ५८ पैकी ५८ ओळी चढलेल्या. निव्वळ वजन १४,२१,३८० किलो, कारखान्याच्या पत्रकाशी किलोला किलो जुळणारं. बहुतेक पेढ्या इथेच तपासणी थांबवतात, आणि ते चुकीचं आहे. माल किती आला ते बेरजेवरून कळतं. तो कोणत्या सौद्यात गेला, ते कळत नाही.

आडत्याच्या २१ गाड्यांपैकी सौद्याला ७ च लागल्या होत्या, त्याही ११, १३, १४ आणि १५ तारखेच्या. तारखेची अट काढून नुसत्या पार्टीच्या नावाने शोधलं तेव्हा उरलेल्या १४ सापडल्या. त्यातली एक : भरलेली गाडी ३६,१४०, रिकामी ११,२८०, निव्वळ २४,८६० किलो. कागदी पावतीवर ५ नोव्हेंबर, सॉफ्टवेअरमध्ये ११ मे. १२ नोव्हेंबरच्या गाड्या तर ११ डिसेंबरला जमा, म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवशी.

फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली होती आणि त्या कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन होती, आधी महिना मग दिवस. ०५/११ ला एक्सेलने मे महिन्याची ११ तारीख मानलं. तेरावा महिना नसतो, म्हणून १३/११ पासून पुढच्या ओळी नुसता मजकूर म्हणून राहिल्या. इथवर काही बिघडलं नव्हतं, कारण दिसणारे आकडे तेच होते. मग सॉफ्टवेअरच्या नमुन्याप्रमाणे रकाना दिवस-महिना-वर्ष असा करून फाइल सेव्ह केली, आणि १ ते १२ च्या तारखा फिरल्या. ११/११ फिरूनही तीच राहते, म्हणून त्या दिवसाच्या गाड्या वाचल्या. अशी फाइल नजरेने ओळखता येते : एकाच रकान्यात काही तारखा उजव्या कडेला चिकटलेल्या, काही डाव्या. डावीकडच्या एक्सेलच्या लेखी तारखाच नसतात.

सौद्याची मुदत १ ते १५ नोव्हेंबर होती. मुदतीबाहेरची गाडी सॉफ्टवेअर बिनसौद्याची धरतं आणि त्या तारखेचा भाव लावतं. वरच्या गाडीला क्विंटलमागे १५० रुपयांचा फरक पडला, म्हणजे एका गाडीत ३७,२९० रुपये. अशा तीन गाड्यांची बिलं बनलीसुद्धा होती. ती अजून पाठवली नव्हती, हे नशीब.

तारखा हाताने दुरुस्त करायचा मोह होतो. करू नये, कोणती ओळ बदलली ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. आम्ही पूर्ण बॅच, म्हणजे एकदम चढवलेल्या सगळ्या ओळी, मागे घेतली आणि कारखान्याकडून ताजी फाइल मागवून, एक्सेलमध्ये न उघडता, तशीच चढवली. तरी गाड्या ५८ ऐवजी ६१ झाल्या. बिल झालेल्या तीन गाड्या बॅचबरोबर निघाल्याच नव्हत्या, आणि त्याच नव्याने पुन्हा आल्या. दुबार पावती अडवायची सोय होती, पण एक्सेलने पावती क्रमांक ००४१२ चा ४१२ करून ठेवला होता. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या पावत्या. (हरभरा-तुरीच्या ०७१३ या एचएसएन कोडचं (जीएसटीसाठी मालाला दिलेला क्रमांक) ७१३ होतं, तेही याच कारणाने.) मग आधी तिन्ही बिलं रद्द केली, नंतर त्या जुन्या गाड्या काढल्या.

फाइल बघायचीच असेल तर एक्सेलच्या डेटा टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही म्हणून आणावी आणि तारीख, पावती क्रमांक, गाडी नंबर हे रकाने टेक्स्ट ठेवावेत. चढवण्याच्या चाचणीला पाच ओळी पुरतात, पण त्यात एक तारीख १२ च्या आतली आणि एक १२ च्या पुढची हवीच. बेरीज दिवसवार गाड्यांचीही जुळवावी. पुढची तारीख आणि ३० दिवसांहून जुनी तारीख सॉफ्टवेअरने अडवावी, ही सेटिंग आम्ही त्याच दिवशी चालू केली. ओलाव्याचा रकाना रिकामा असेल तर तीही ओळ थांबवली. कारखान्याची अट १०-२-२ ची असते : ओलावा १०, माती २, डागी दाणे २ टक्के. रिकाम्या जागी शून्य धरलं गेलं तर ओल्या मालाची कटती (वजनातली किंवा पैशातली वजावट) होतच नाही.

संध्याकाळी २१ च्या २१ गाड्या सौद्याला लागल्या : ५१४ टन. वरचे १४ टन सौद्यातल्या पाच टक्के कमी-जास्तीच्या अटीत बसत होते, म्हणून तेही सौद्याच्याच भावाने धरले. शेठजींनी उदगीरला स्वतः फोन लावला.