काळी म्हैस, पांढरा फेस

रविवार, रात्री साडेनऊ

नवा कॅमेरा घरी येऊन आज अकरा दिवस झाले. पहिला आठवडाभर तो मी ऑटोवरच, म्हणजे सगळे कॅमेऱ्यालाच ठरवू देऊन, वापरला आणि खरे सांगायचे तर त्यात काही उणे आहे असे मला वाटलेही नव्हते. इथे कोल्हापुरात रंकाळ्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर काढलेले फोटो घरच्यांना आवडले, बहिणीने दोन मागून घेतले. बिनसले ते गंगावेशेतील दूध कट्ट्यावर.

पहाटे तेथे रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसासकट पेला हातात दिला जातो. गुरुवारी तेथील एका मामांच्या म्हशीचा फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना दाखवला. मामांनी हात पुसले, वाकून पाहिले आणि म्हणाले, “सर, आमची म्हस राख फासल्यागत दिसायलीया की ओ.” म्हणणे खरेच होते. तेल लावून चकाकणारी ती काळीभोर म्हैस फोटोत धुरकट करडी उतरली होती आणि पेल्यातला फेस म्हणजे नुसता पांढरा डाग झाला होता, बुडबुडा म्हणून एक दिसत नव्हता.

कॅमेऱ्यातील मीटर म्हशीला ओळखत नाही, हे त्या दिवशी नीट कळले. समोरून परतणारा प्रकाश तेवढा त्याला मोजता येतो, आणि जगातली प्रत्येक वस्तू सरासरीने मध्यम करडी, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारी आहे, असे धरून तो चालतो. चौकटभर काळी म्हैस आली की त्याला उजेड कमी पडल्यासारखा वाटतो आणि तो प्रकाश वाढवून म्हशीला करडी करतो. चौकटभर पांढरे धोतर आले की हाच मीटर उलट वागून धोतर मळकट करून ठेवतो. चूक त्याची म्हणता येत नाही, कारण म्हैस काळी असते हे ज्याला ठाऊक होते त्याने, म्हणजे मी, सगळा कारभार त्याच्यावर सोपवला होता.

म्हणून शुक्रवारी कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आपणच ठरवायचे असा, घेतला आणि आमच्या गल्लीतील काकांकडे गेलो. काकांनी उमेदीची सगळी वर्षे स्टुडिओत रोलवर फोटो काढण्यात घालवली. छत्तीस फोटोंचा रोल, आणि धुऊन येईपर्यंत काय निघाले ते कळायचे नाही, असा तो जमाना. भर दुपारी मला रंकाळ्याच्या कठड्याशी उभे करून ते म्हणाले, “मीटरकडे बघू नकोस. स्वच्छ ऊन आहे ना? अॅपर्चर सोळावर ठेव आणि शटर आयएसओइतके.” अॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे भोक (आकडा मोठा तितके भोक लहान), शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते, आणि आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा ते. आयएसओ २०० होता, म्हणून शटर १/२००, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, ठेवले आणि फोटो काढला. पाण्याची चमक, कठड्याचा दगड, सावलीत बसलेला शेंगदाणेवाला, सगळे जागच्या जागी आले. रोलबरोबर येणाऱ्या कागदावर सूर्याचे आणि ढगाचे चित्र काढून हाच हिशेब छापलेला असायचा, असे काका सांगत होते. सूर्य दररोज तेवढाच तळपतो, मग कॅमेऱ्याला दर वेळी विचारायचे कशाला, हा त्यांचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला.

परत येताना खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी थोडा थांबलो. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, तेव्हा मीटर कुठला असायला? त्या काळचे कॅमेरे दांडा हाताने फिरवून चालवायचे, म्हणजे हात संथ फिरला की प्रत्येक चौकटीवर जास्त प्रकाश पडायचा. एका अर्थी मनगट हेच शटर.

लेन्सबद्दल एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. दोन वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांतून ५० मिलीमीटरची, एफ १.४ ची, म्हणजे अॅपर्चर १.४ इतके मोठे उघडणारी, लेन्स घेतली, तेव्हा एवढी महाग लेन्स आपल्या चुका झाकेल अशी माझी समजूत होती. ती चुका कोरून दाखवते. एफ १.४ वर दोन मीटरवरच्या वस्तूचा वीतभरापेक्षाही कमी जाडीचा पट्टा स्पष्ट येतो, त्यामुळे काल म्हशीच्या शिंगावरची धूळसुद्धा मोजता येईल इतकी स्वच्छ आली आणि ज्यांच्यासाठी फोटो काढला ते मामांचे हात मात्र धुक्यात गेले. जुन्या साध्या लेन्सवर सगळेच थोडे मऊ यायचे आणि फोकस कोठे चुकला हे कळायचेही नाही. १.४ साठी पैसे मोजले आहेत म्हणून प्रत्येक फोटो १.४ वरच काढायचा, हा हट्ट मी कालपासून सोडला आहे.

आज पहाटे मात्र घाई केली नाही. प्रथम शटर ठरवले. कट्ट्यावर रस्त्याच्या दिव्यांचाच उजेड असतो, आणि आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण शनिवारी १/२५० वर काढलेल्या फोटोंत आडवे काळपट पट्टे उमटले होते आणि कॅमेराच बिघडला की काय या शंकेने मी अर्धा दिवस घालवला होता. म्हणून आज १/१००, म्हणजे दिव्याची एक पूर्ण मंद-प्रखर फेरी त्यात मावेल. अॅपर्चर २.८, म्हणजे मामांचे हात, दुधाची कासंडी आणि फेस एकाच पट्ट्यात येतील. राहिला आयएसओ. त्यासाठी म्हशीवर पडणाऱ्या त्याच दिव्याखाली स्वतःचा तळहात धरला आणि स्पॉट मीटरने, म्हणजे चौकटीतील एका ठिपक्यापुरताच प्रकाश मोजणाऱ्या मीटरने, मोजला. माणसाचा रंग कसाही असो, तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो. म्हणून मीटरचा काटा मध्यापासून एक घर वर येईपर्यंत आयएसओ वाढवत नेला आणि तो ३२०० वर थांबवला.

मग कॅमेरा म्हशीवर रोखला. काटा सरळ दोन घरे खाली गेला. बोट आपोआप डायलकडे वळले, ते मी आवरले. मीटर प्रकाश कमी पडल्याचे परोपरीने सांगत असताना तसेच बटण दाबायचे, याला अकरा दिवसांच्या मानाने बरेच धैर्य लागते.

फोटो पाहिला. म्हैस काळी होती. पाठीवर दिव्याची एक लांब रेघ चकाकत होती, आणि कासंडीत धार पडते तेथे फेसाला खळगा पडलेला, त्याच्या कडेचे बुडबुडे वेगवेगळे दिसत होते. मामांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. “आता आमची वाटतीया,” म्हणाले, आणि लगेच पुढे, “पर शेपूट कुठं गेली ओ?”

शेपटीच्या जागी धुराचा लोट होता. धार काढताना म्हैस माश्या वारत होती आणि १/१०० ला शेपूट काही थांबत नाही. शटर १/४०० करावे तर ते काळपट पट्टे पुन्हा येणार, शिवाय दोन स्टॉप प्रकाश जाणार. आयएसओ १२,८०० करून तो भरून काढावा तर काळ्या पाठीवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसणार. चांगले उजाडेपर्यंत थांबावे, तर तोवर मामा म्हशी घेऊन परतीच्या वाटेला लागलेले असतात.