तो आवाज कोणाचा होता

प्रार्थनासभेनंतर चपला घालता घालता, संडे स्कूलच्या वर्गात, आणि हल्ली नात्यातल्या मुलांकडूनही मला एकच प्रश्न येतो: "देव बोलतो म्हणता, तर तो त्याचाच आवाज हे कसे ओळखता?" आजवर मी बायबलमधल्या बाल शमुवेलाची, रात्री देवाची हाक ऐकणाऱ्या मुलाची, गोष्ट सांगून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून आता ऑगस्ट २०१९ मधले सांगते.

दादा रुग्णालयात होता आणि कोल्हापूरची पंचगंगा पात्राबाहेर पडली होती. पुण्याहून त्याच्या मुलाचा फोन आला, "आत्या, बॅग भरून ठेवली आहे, निघू का?" त्याच पहाटे मी उपास धरून गुडघ्यांवर असताना पवित्र शास्त्र उघडले होते आणि बोट ११८व्या स्तोत्रावर पडले होते: मी मरणार नाही, तर जगेन. रडू आले, छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले, आणि त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने तारीख घातली. भाच्याला म्हणाले, "पावसापाण्याचा निघू नकोस बाळा, प्रभूने मला वचन दिले आहे, बाबा घरी येणार." दोन-तीन दिवसांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक थांबली. दादा गेला तेव्हा पुण्याहून पोहोचण्याची वाटच उरली नव्हती. मातीला आम्ही मोजकीच माणसे होतो. मुलाच्या वाटची मूठभर माती वहिनीने आपल्या हाताने टाकली. रस्ता खुला झाल्यावर तो आला, तीच बॅग घेऊन, आणि मला एका शब्दानेही बोलला नाही.

मी खोटे बोलले नव्हते, आणि माझी प्रार्थना वरवरची होती असे कोणी म्हटले तर ते मी आजही ऐकून घेणार नाही. "विश्वास कमी पडला" असे सांत्वन करणाऱ्यांवर तर मी तेव्हा चिडले होते आणि अजून चिडते. पण खरे सांगायचे तर त्या पहाटे मी ऐकायला बसलेच नव्हते. मला एकच उत्तर हवे होते आणि ते मिळेपर्यंत मी पाने उलटत होते. त्याआधी दोनदा शास्त्र उघडून मिटले होते, हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

शमुवेलाची गोष्टही मी अर्धीच सांगत असे. "बोल, तुझा दास ऐकत आहे" येथे थांबत असे. पुढे त्याला जे ऐकू येते ते त्याला सांभाळणाऱ्या, त्याच्या लाडक्या एली याजकाच्या घराण्यावर येणाऱ्या शिक्षेचे असते, आणि सकाळी ते सांगायला तो पोर भितो. मग नकोसे वाटते तोच देवाचा आवाज समजायचा काय? काही वर्षे मी तसे मानले. आता तेही पटत नाही, कारण भीतीचा आवाजही नकोसाच असतो. क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात पित्याचे उत्तर लिहिलेले नाही. अलीकडे मी त्या अध्यायापाशी फार वेळ बसते.

पेन्सिलीची तारीख मी खोडलेली नाही. गेल्या आठवड्यात भाच्याने नोकरी बदलण्याबद्दल विचारले, "आत्या, प्रभूला विचारून सांगशील?" मी रोज पहाटे विचारते आहे; त्याला काय सांगावे ते अजून मला कळलेले नाही.