खांब बदलण्याच्या परवानगीसाठी गेलेले सात आठवडे

पायवाटा आणि बोर्डवॉक, म्हणजे खांबांवर उभारलेल्या फळ्यांच्या वाटा, दुरुस्त करणाऱ्या संवर्धन गटात मी एक हंगाम काम केले. निवड, वैद्यकीय तपासणी आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सुरळीत पार पडले. लिहावेसे वाटते ते पाणथळीतल्या बोर्डवॉकविषयी, कारण तिथे अर्जातल्या एका रकान्यापायी आमचे सात आठवडे गेले आणि त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

पहिल्या पाहणीत वरून चालताना सगळे ठीक वाटले होते. खाली वाकून टोच्या लावला, तेव्हा चौदा खांबांमध्ये तो मुठीपर्यंत आत गेला, आणि तोही नेमका जमिनीलगत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. पूर्ण पाण्याखालच्या लाकडाला हवा मिळत नाही आणि वरच्या फळ्या अधूनमधून वाळतात. म्हणून खांब सर्वांत आधी मातीच्या रेषेवर कुजतो. पाहणी वरून करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

अर्जात ‘दुरुस्ती’ आणि ‘नवे बांधकाम’ असे दोनच पर्याय होते. आमच्या गटप्रमुखांनी ‘दुरुस्ती’वर खूण करून ‘फळ्या व खांब बदलणे’ एवढेच लिहिले. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला; खांबासाठी माती खणावी लागते, म्हणून हे नवे बांधकाम ठरते, असा शेरा होता. तसा अर्ज केल्यावर नव्या रचनेचा नकाशा मागण्यात आला, आणि नवी रचना तर कुठेच नव्हती. त्यानंतर दर फोनला ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हे एकच उत्तर मिळत राहिले. दरम्यान पाणी ओसरून जमीन कामाला योग्य झाली होती आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम, ज्यात तिथे काम पूर्ण बंद असते, जवळ येत होता. माती खणण्याबाबतचा नियम मला मान्य आहे. पाणथळीतली माती उकरली तर गाळ पसरतो आणि पाण्याचा प्रवाह बदलू शकतो. पण सातव्या आठवड्यात एक अधिकारी जागेवर आले, त्यांनी स्वतः टोच्या लावून पाहिला आणि जुन्याच खड्ड्यांत, यंत्राशिवाय, हातांनी काम करण्याच्या अटीवर त्याच दिवशी ‘दुरुस्ती’ मान्य केली. पहिल्याच आठवड्यात कोणी अर्धा तास काढून आले असते तर हे सारे टळले असते.

म्हणून ज्यांना असा अर्ज करायचा आहे, त्यांनी प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा, मातीच्या रेषेजवळचे छायाचित्र जोडावे, आणि खड्डा जुनाच आहे, त्याची खोली किती, निघणारी माती कुठे ठेवणार, हे स्वतंत्र ओळींत लिहावे. जागेवर येऊन पाहण्याची विनंती पहिल्याच पत्रात करावी.

थांबलेल्या दिवसांत आम्ही डोंगरउतारावरची पायवाट नीट केली. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला साधारण 5 टक्के, म्हणजे एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर, उतरता ठेवला की पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवे निघून जाते. दगड सरकवताना पहारेवर सगळे वजन टाकू नये, हे मला पाठ दुखल्यावरच समजले.

परवानगीनंतर चौदा खांब आम्ही नऊ दिवसांत बसवले. स्क्रूविषयी सांगायचे राहिले: तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेल्या लाकडात साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो, म्हणून जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. फळ्यांच्या टोकांजवळ आधी भोक पाडून घ्यावे, नाहीतर त्या चिरतात. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळण्याइतकी फटही ठेवावी.

काम बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शेवटचा जुना खांब उपटायला घेतला. मातीच्या रेषेवर तो हाताने मोडला. खालचा भाग मात्र इतका घट्ट आणि शाबूत होता, की तो बाहेर काढायला तिघांना पहारेने अर्धा तास लागला.