एका घरातली दोन मुलं

मोठी सांगलीची, धाकटा न्यू जर्सीचा. म्हणजे कागदोपत्री. वाढली दोघंही इथेच, एडिसनमध्ये. आम्ही आलो तेव्हा मोठी जेमतेम तीन वर्षांची होती. आज ती ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, आजीशी फोनवर अगदी सांगलीच्या हेलात बोलते आणि भावाशी इंग्रजीत भांडते. धाकट्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

इथे मराठी माणसं जमली की मुलांच्या संस्कारांवर खूप बोलणं होतं. मराठी शाळा, अथर्वशीर्ष, गणपतीतलं नाटक. मलाही ते मोलाचं वाटतं. पण आमच्या घरात ‘मी कुठली?’ हा प्रश्न आला तो व्हिसामुळे, आणि त्याबद्दल मंडळात कुणी बोलत नाही.

धाकटा जन्मतःच अमेरिकन. मोठी आमच्यामागे एच-४वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, आणि तेही फक्त एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. तोवर घराला ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळालं नाही तर ती आमच्या अर्जातून बाहेर. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाच्या वाट्याला साधारणपणे जास्तीत जास्त ७ टक्के. भारतीयांची रांग पुढे सरकतच नाही. २००२च्या एका कायद्याने आय-१४० (कंपनीने कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी करायचा) अर्ज मंजूर व्हायला लागलेले दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, पण रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. हद्दपारीपासून वाचवणाऱ्या २०१२ सालच्या ‘डाका’ योजनेचा आधार लहानपणी आलेल्या, विनाकागद राहणाऱ्या मुलांना, हिच्यासारख्या रीतसर व्हिसावर राहणाऱ्यांना तो नाही.

सोळाव्या वर्षी तिच्या मैत्रिणी सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागल्या. एच-४वरच्या काही जोडीदारांना २०१५पासून कामाचा परवाना मिळू लागला, तसा मलाही मिळाला. मुलांना तो नाही. ती लायब्ररीत बिनपगारी पुस्तकं लावत राहिली. ‘तू का नाही येत?’ असं मैत्रिणींनी विचारलं की विषय बदलायची. हे मला खूप उशिरा कळलं.

आता एकविसावं जवळ आलंय, म्हणून एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज केला. बालवाडीपासून इथे शिकलेली मुलगी आता ‘परदेशी विद्यार्थिनी’. या व्हिसासाठी आपलं घर परदेशात आहे आणि शिक्षण संपलं की आपण तिकडे परतणार, हे पटवून द्यावं लागतं. अर्ज भरताना ती म्हणाली, “आई, सांगली मला खूप आवडते गं. पण तिथे मला एकटीला मिरजेची बससुद्धा पकडता येणार नाही.”

मला राग येतो तो इथे. आजीचं घर, भडंग, कृष्णेचा घाट, हे सगळं तिने आपणहून आणि प्रेमाने आपलंसं केलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता तेच तिने सरकारपुढे पुरावा म्हणून मांडायचं, तेही न्यू जर्सी आपली नाही हे सिद्ध करायला. मध्यंतरी काही महिने ती पथकाच्या सरावालाही गेली नाही. भावाला असलं काही सिद्ध करावं लागत नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात व्हिसाशिवाय येऊ देणारं) घेऊन तो सांगलीला मजेत जातो, मजेत परततो. बहिणीसमोर त्याचंही मन खातं, हे मला दिसतं.

तुमचं मूल भारतात जन्मलेलं असेल आणि चौदा-पंधरा वर्षांचं झालं असेल, तर आय-१४०ची तारीख घेऊन आत्ताच वकिलाला भेटा. आणि मुलालाही सगळं सांगा. आमच्या मोठीला अर्धंमुर्धं दुसऱ्यांकडून कळलं, त्याचा तिला सगळ्यात जास्त त्रास झाला.