घरचा डेस्कटॉप बाहेरून चालवायचा तर

ड्रॉइंगचं माझं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर आहे आणि त्याचं लायसन्स त्या एकाच मशीनला बांधलेलं. त्यामुळे फाइल्स क्लाउडवर टाकून माझं भागण्यासारखं नव्हतं, अख्खा डेस्कटॉपच लॅपटॉपवर आणि टॅबलेटवर हवा होता.

ब्राउझरमधून चालणारे पर्याय आधी वापरून पाहिले. खात्यात लॉगिन करा, पिन ठेवा, झालं. अधूनमधून एखादी फाइल बघायची असेल तर एवढं पुरे. पण दिवसभर काम करायचं तर हात शॉर्टकटवर चालतो, आणि कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की तिकडची फाइल बंद होण्याऐवजी इकडचा ब्राउझरचा टॅबच बंद! म्हणून विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपकडे वळलो.

त्यासाठी ज्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचंय त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्तीवरून दुसरीकडे जोडता येतं, पण तिच्यात बाहेरून येता येत नाही. माझ्याकडे प्रो होती. सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली रिमोट डेस्कटॉपचं बटण चालू केलं की मशीनच्या बाजूने काम संपतं. मग लॉगिन. रोज चार आकडी पिन टाकायची सवय असेल तर इथे गाडी अडते, कारण पिन त्या मशीनपुरता असतो आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा पासवर्डच द्यावा लागतो. पासवर्ड रिकामा ठेवलेलं खातं तर असं आत घेतलंच जात नाही.

घरच्या वायफायवर लगेच जमलं. खरी गंमत घराबाहेरची.

जुनी पद्धत अशी की राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं क्रमांकाचं दार, डेस्कटॉपकडे वळवायचा. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहिला तर तो १०० पासून सुरू होणारा, आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर भलताच. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२ साली राखून ठेवले गेले. अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायचे, म्हणजे पत्ते पुरतात. पण मग आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवा, बाहेरून आलेली हाक आपल्यापर्यंत पोचतच नाही.

खरं तर ते बरंच झालं. ३३८९ उघडा टाकणं म्हणजे दार सताड उघडं ठेवणं. असे पोर्ट हुडकत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, चोवीस तास चालू असतात. २०१९ साली याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली होती. ती इतकी गंभीर होती की सपोर्ट केव्हाच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. पोर्टचा नंबर बदलून फार काही साधत नाही.

शेवटी टेलस्केल घेतलं, म्हणजे आपली उपकरणं एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारी सेवा. ते वायरगार्ड या एन्क्रिप्टेड जोडणीच्या पद्धतीवर चालतं. दोन्ही उपकरणं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. थेट वाट सापडली तर तिने, नाहीतर मधल्या सर्व्हरवरून, पण डेटा दोन्ही वेळा एन्क्रिप्टच. गंमत म्हणजे ते आपल्या उपकरणांना पत्ते देतं तेही त्याच १०० च्या पट्ट्यातले! डेस्कटॉपवर दोन गोष्टी मात्र आठवणीने कराव्यात. एक, कुणी लॉगिन नसतानाही ते चालू राहील अशी सेटिंग लावायची, नाहीतर अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट झालं की आपण बाहेरच. दुसरं, टेलस्केलमध्ये त्या मशीनची ओळख पटवणाऱ्या कीची मुदत बंद करायची. ती एरवी १८० दिवसांनी संपते, आणि नेमकी आपण घरापासून लांब असताना.

यानंतर उरली झोप. डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला की रिमोट डेस्कटॉप त्याला उठवत नाही. दिवसरात्र चालू ठेवणं मला पटेना, म्हणून वेक-ऑन-लॅन, म्हणजे झोपलेलं मशीन नेटवर्कवरून उठवायची सोय. यात झोपलेल्या नेटवर्क कार्डाला १०२ बाइटचा एक छोटा निरोप जातो. आधी ६ बाइट एकसारखे, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक, सलग १६ वेळा. कार्डाने स्वतःचा पत्ता ओळखला की मशीन उठतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) हे चालू करायचं, विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्येही, आणि विंडोजची फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोय बंद ठेवायची. वायफायच्या भरवशावर राहू नये, केबलच लावावी. सोपी परीक्षा अशी: मशीन बंद करा आणि मागे केबलच्या खोबणीत डोकवा. तिथला बारीक दिवा लुकलुकत असेल तर कार्डाचे कान उघडे आहेत. विझला असेल तर बहुधा बायोसमधली वीज वाचवणारी सेटिंग आडवी आली आहे.

हा निरोप घरच्या नेटवर्कच्या आतूनच सोडावा लागतो, बाहेरून टेलस्केलवरून तो नेता येत नाही. त्यामुळे घरात कायम चालू असणारं काहीतरी हवं. मी कोपऱ्यात पडलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर कामाला लावला: आधी त्याच्यात शिरायचं, तिथून डेस्कटॉपला उठवायचं, मग जोडायचं. शिवाय वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, ही सेटिंगही बायोसमध्येच सापडते.

वापरताना आणखी एक लक्षात ठेवायचं. आपण बाहेरून जोडलं की घरच्या स्क्रीनवर लॉक स्क्रीन दिसते, आणि घरच्या कुणी तिथून आपलंच खातं उघडलं की आपण तुटतो. मध्येच तुटलं तरी उघडलेल्या फाइल्स तशाच राहतात, पुन्हा जोडलं की जिथे होतो तिथेच. फक्त काम संपल्यावर साइन आउट आणि डिस्कनेक्ट यांत गल्लत करू नका. मोठं रेंडरिंग लावून निघायचं असेल तर डिस्कनेक्टच करायचं, साइन आउट केलं की तेही बंद पडतं. टॅबलेटवरून मात्र बोटाने रेषा ओढणं अवघडच जातं, मी ब्लूटूथ माउस जोडतो.